न झालेले सामने

भातकापणी आटोपली आणि खळी उठली, की तलासरी-डहाणूच्या पट्ट्यातील मोकळी शेते खेळाची मैदाने होतात. कोठे फक्की टाकून कबड्डीचे मैदान आखले जाते, कोठे तीन काठ्या रोवून क्रिकेट सुरू होते. पाड्यापाड्यांचे संघ ठरतात, वर्गणी जमते, ढाल किंवा करंडक आणला जातो आणि सामन्याचा दिवस नेमला जातो. त्या दिवशी एक संघ वेळेवर मैदानात उतरतो. दुसऱ्याचा टेंपो काही येत नाही. पंच घड्याळ पाहतो, नियमाने सांगितला तेवढा वेळ थांबतो आणि आलेल्या संघाला 'पुढे चाल' देतो. जिंकलेला संघ मैदानाबाहेर पडतो तो मात्र हरलेल्या चेहऱ्याने. पाहायला आलेली माणसे थोडा वेळ रेंगाळतात आणि घरोघर परततात.

'पुढे चाल' हे दोन शब्द आपल्या भाषेने फार मार्मिक घडविले आहेत. 'जिंकलास' असे ते म्हणत नाहीत. 'तुझी वाट मोकळी आहे, चालू लाग' एवढेच म्हणतात. न झालेल्या सामन्याचा निकाल लागतो, पण त्या निकालाला विजय म्हणावयास भाषाही कचरते. आजच्या या व्याख्यानात आम्ही अशाच काही न झालेल्या किंवा अर्धवट राहिलेल्या सामन्यांची हकीकत सांगणार आहोत. खेळाचा इतिहास म्हणजे झालेल्या सामन्यांचा इतिहास, अशी आपली समजूत असते. पण न झालेल्या सामन्यांतून माणसे, संस्था आणि काळ अधिक उघडे पडतात, असे आम्हांला वाटते. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न आपण विचारू : सामना झाला नाही, त्याची किंमत कोणी दिली?

या विषयाला आपल्या परिसरातूनच आरंभ करता येतो. तलासरीहून सरहद्द ओलांडली की संजाण लागते. पारशी मंडळींचे पूर्वज प्रथम या किनाऱ्याला लागले ते संजाणला, असे त्यांची परंपरा सांगते. संकटकाळी त्यांनी आपला पवित्र अग्नी बहारोटच्या डोंगरावरील लेण्यांत बारा वर्षे जपला, हीही त्यांची श्रद्धा आहे. याच समाजाने पुढे मुंबईत १८४८ साली ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला; हिंदी लोकांनी काढलेला तो पहिला क्रिकेट क्लब होय. १८७७ साली पारशी संघ मुंबईत युरोपियनांशी खेळला आणि १८८६ साली पारशी खेळाडू विलायतेचा दौराही करून आले. पुढे हिंदू आले, १९१२ साली मुसलमान आले आणि तिरंगी सामन्यांचे चौरंगी सामने झाले. मुंबईच्या मैदानावरचा तो वार्षिक उत्सवच होता. खेळाडू वर्षभर त्याची वाट पाहत, कचेऱ्या ओस पडत, झाडांवर चढून माणसे खेळ बघत.

या उत्सवातच न खेळण्याचे पहिले मोठे प्रकरण घडले. १९२० साली हिंदू संघाची निवड झाली तेव्हा पळवणकर बाळू यांना वगळण्यात आले. बाळू हे १९११ च्या विलायत दौऱ्यात ११४ बळी घेणारे गोलंदाज. त्यांची बरोबरी करील असा फिरकी गोलंदाज त्या काळी हिंदुस्थानात क्वचितच असेल. पण ते चर्मकार समाजातले. त्यांचे धाकटे बंधू शिवराम आणि विठ्ठल दोघेही संघात होते. कर्णधार पै आजारी पडले तेव्हा नेतृत्व वडीलकीने विठ्ठलांकडे येईल असे अनेकांना वाटत होते, ते दि. ब. देवधरांकडे गेले. देवधरांच्या गुणांविषयी कोणाला शंका नव्हती. तरीही जातीमुळे आपल्याला मागे ठेवले जाते हे या बंधूंच्या लक्षात आले आणि दोघांनी जाहीर निवेदन काढून संघातून माघार घेतली. मुंबईच्या वर्तमानपत्रांत मोठा वाद पेटला. अखेर बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार करण्यात आले, तेव्हा बंधूही परतले. आणि १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. येथे किंमत कोणी दिली? त्या दोघा भावांनी. चौरंगीतील जागा म्हणजे त्या वेळच्या खेळाडूचे सारे वैभव. ते त्यांनी आपल्या हाताने दूर सारले. संघ मैदानात उतरला, प्रेक्षकांना सामना मिळाला, प्रतिपक्षाचे काही बिघडले नाही. आपले नुकसान आपणच सोसून त्यांनी दुसऱ्यांना विचार करावयास लावले.

याच स्पर्धेतले दुसरे प्रकरण १९३७ सालचे. त्या डिसेंबरात ब्रेबोर्न स्टेडियम नुकतेच उघडले होते. अँग्लो-इंडियन, ख्रिस्ती वगैरेंचा 'शेष' हा पाचवा संघ त्याच वर्षी आला आणि चौरंगी सामने पंचरंगी व्हावयाचे ठरले. पण हिंदू संघच आला नाही. कारण काय? तर नव्या स्टेडियममध्ये हिंदू जिमखान्याच्या वाट्याला किती खुर्च्या याव्यात, यावर क्रिकेट क्लब ऑफ इंडियाशी तंटा झाला होता. पाच रंगांचा उत्सव चार रंगांवर आला आणि करंडक मुसलमान संघाने नेला. जिमखान्याची तक्रार न्याय्य होती की नव्हती, याचा निवाडा आज करण्यात हशील नाही. आम्ही एवढेच पाहतो, की भांडण खुर्च्यांचे होते आणि खेळायचे राहिले ते अकरा जण. शिवराम-विठ्ठल आणि १९३७ चा जिमखाना दोघांनीही 'आम्ही येणार नाही' असेच म्हटले. शब्द एकच, पण पहिल्या ठिकाणी बोलणाऱ्याने स्वतःचे काही गमावले, दुसऱ्या ठिकाणी बोलणाऱ्या संस्थेने आपल्या खेळाडूंचे गमावले.

आता आपण पुण्यास जाऊ. कारण अशा प्रकरणांतले सर्वांत प्रसिद्ध, आणि आमच्या मते सर्वांत बोलके, पुण्यातच घडले.

१९४८ चा डिसेंबर. रणजी करंडकासाठी महाराष्ट्राचा सामना काठेवाड संघाशी पूना क्लबच्या मैदानावर सुरू झाला. काठेवाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्रातर्फे कमल भांडारकर आणि भाऊसाहेब निंबाळकर यांची जोडी जमली. निंबाळकर कोल्हापूरचे, चारच दिवसांपूर्वी त्यांना एकोणतिसावे वर्ष पूर्ण झाले होते. दोघांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी केली, तो त्या वेळी जागतिक उच्चांक होता. भांडारकर २०५ वर बाद झाले. निंबाळकर खेळतच राहिले. दोनशे झाल्या, तीनशे झाल्या, चारशे झाल्या. तिसऱ्या दिवशी उपाहाराची सुट्टी झाली तेव्हा महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या आणि निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ४९४ मिनिटांच्या त्या खेळीत ४९ चौकार होते, एक षटकार होता.

प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील सर्वांत मोठी व्यक्तिगत धावसंख्या त्या वेळी डॉन ब्रॅडमनच्या नावावर होती : नाबाद ४५२. निंबाळकर आणि तो आकडा यांच्यात नऊ धावांचे अंतर होते. नऊ धावा म्हणजे दोन चौकार आणि एक पळती धाव. दहावी निघाली की उच्चांक पुण्याचा. सुट्टी संपल्यावर दोन-तीन षटकांचे काम.

पण सुट्टी संपल्यावर खेळच झाला नाही. काठेवाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब यांनी सामना सोडून दिला आणि संघ मैदानात उतरलाच नाही. इतक्या धावा आपल्या संघाविरुद्ध झाल्या, हा जागतिक उच्चांकाचा डाग आपल्या नावाला नको, असे त्यांच्या मनात होते, अशीच हकीकत तेव्हापासून सांगितली जाते.

या प्रसंगाला त्या काळाची एक पार्श्वभूमी आहे. १९४८ च्या फेब्रुवारीत काठेवाडातील दोनशेहून अधिक लहानमोठी संस्थाने एकत्र होऊन सौराष्ट्राचा संघ झाला होता. राजकोटही त्यात विलीन झाले. याच राजकोटच्या पूर्वीच्या ठाकोरसाहेबांनी प्रजेला दिलेले वचन मोडले म्हणून १९३९ साली महात्माजींनी तेथे उपोषण केले होते. राज्ये गेली, तोफांच्या सलाम्या गेल्या. पण संघाचे नेतृत्व राजघराण्याकडे असावे हा रिवाज काही काळ मागे रेंगाळला. कसलेला खेळाडू नेतृत्व करीत असता तर वेगळे घडते का, हे सांगता येत नाही. परंतु मैदानात क्षेत्ररक्षण करून थकलेल्या अकरा जणांचा निर्णय एका माणसाने घेतला, आणि तो निर्णय ज्याच्यावर कोसळला तो मनुष्य त्या भांडणात कोठेच नव्हता, एवढे उघड आहे.

परिणाम काय झाले ते आता मोजू. नियमाने सामना महाराष्ट्राला मिळाला. तो तसाही मिळालाच असता. पहिल्या डावाची आघाडीच ५८८ धावांची होती. काठेवाड स्पर्धेतून गेला. तोही तसाही गेलाच असता. म्हणजे सामना सोडल्याने निकालात तिळमात्र फरक पडला नाही. फरक पडला तो एकाच माणसाला. पुढे १९५९ साली कराचीच्या हनीफ महंमदने ४९९ धावा केल्या, १९९४ साली ब्रायन लाराने नाबाद ५०१ केल्या; म्हणजे त्या नऊ-दहा धावा निघाल्या असत्या तरी निंबाळकरांचा उच्चांक दहा वर्षांनी मोडलाच असता. पण ती दहा वर्षे त्यांची होती, ती त्यांना कोणी परत देऊ शकले नाही. ते भारताकडून एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत. २०१२ च्या डिसेंबरात, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. भारतीय फलंदाजाने प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये केलेली सर्वांत मोठी खेळी आजही तीच आहे.

आणि ठाकोरसाहेबांचे काय? डाग चुकविण्यासाठी त्यांनी सामना सोडला, पण डाग लागलाच; उलट कायमचा लागला. ज्या संघाविरुद्ध ब्रॅडमनने ४५२ केल्या त्याची गोष्ट येथे मुद्दाम सांगतो. १९३० च्या जानेवारीत सिडनीच्या मैदानावर न्यू साउथ वेल्सचा सामना क्वीन्सलँडशी होता. तेथेही गोलंदाज थकले होते, तेथेही धावफलक थांबत नव्हता. क्वीन्सलँडच्या खेळाडूंनी ब्रॅडमनचा उच्चांक पुरा होऊ दिला आणि नंतर त्याला खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर नेले. त्या प्रसंगाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. मग ते खेळावयास गेले, ८४ धावांत बाद झाले आणि ६८५ धावांनी हरले. त्या पराभवाबद्दल क्वीन्सलँडला आज कोणी नावे ठेवीत नाही. खांद्यावर घेतलेला प्रतिस्पर्धी तेवढा लोकांच्या ध्यानात राहिला. हरण्याची लाज फार दिवस टिकत नाही. न खेळल्याची टिकते.

हे शिकण्यासाठी सिडनीला जावयाचीही गरज नाही. त्याच हंगामात, १९४९ च्या मार्च महिन्यात, महाराष्ट्राचा उपांत्य सामना पुण्यातच मुंबईशी झाला. मुंबईने पहिल्या डावात ६५१ धावा केल्या, महाराष्ट्राने ४०७; मुंबईने दुसऱ्या डावात ८ बाद ७१४ वर डाव सोडला. महाराष्ट्रापुढे जिंकण्यासाठी ९५९ धावांचे आव्हान होते! कोणीही शहाणा मनुष्य म्हणाला असता, की आता सामान आवरा. महाराष्ट्राचा संघ खेळावयास उतरला आणि ६०४ धावा करून बाद झाला. ३५४ धावांनी पराभव झाला. पण चारही डावांत मिळून २,३७६ धावा आणि नऊ शतके झालेला तो सामना प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील सर्वाधिक धावांचा सामना ठरला. तीन महिन्यांपूर्वी पुण्याने सामना सोडून जाणारा संघ पाहिला होता. आता अशक्य ओझे उचलून शेवटच्या गड्यापर्यंत चालणारा संघ पाहिला, आणि तो आपलाच होता, याचा आम्हांला अभिमान वाटतो.

मग सामना कधी सोडूच नये काय? तसेही आम्ही म्हणत नाही. १९७४ साली भारताने टेनिसच्या डेव्हिस करंडकात पुण्यात सोव्हिएत रशियाला हरविले आणि अंतिम फेरी गाठली. अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेशी होता. तेथील सरकारचे वर्णद्वेषाचे धोरण मान्य नसल्यामुळे भारताने तो सामना खेळला नाही, आणि करंडक न खेळताच दक्षिण आफ्रिकेला मिळाला. आपले खेळाडू ऐन बहरात होते. जिंकण्याची संधी खरी होती. भारताला तो करंडक आजतागायत मिळालेला नाही. हे नुकसान लहान नव्हे, आणि ज्यांचे हातचे गेले त्या खेळाडूंना ते अधिक जाणवले असणार. पण देशाने नकार दिला तो काही मिळविण्यासाठी नव्हे, गमावण्याची तयारी ठेवून. शिवराम-विठ्ठलांच्या नकाराशी त्याचे नाते आहे. ठाकोरसाहेबांच्या नकाराशी नाही.

येथवर आपण 'खेळणार नाही' म्हणणाऱ्यांचा विचार केला. परंतु 'खेळू शकत नाही' असे म्हणण्याची पाळीही संघावर येते, आणि ती बहुधा पैशामुळे येते. याचा इतिहास पाहावयाचा तर उत्तर इंग्लंडमधील रग्बी लीग या खेळाकडे वळावे लागते. तेथील खाणकामगार आणि गिरणीकामगार शनिवारी खेळावयास गेले की त्यांची मजुरी बुडे. ती भरून देण्यास वरिष्ठ संस्थेने नकार दिला, तेव्हा १८९५ साली हडर्सफील्ड येथे २२ क्लबांनी फुटून आपली वेगळी संघटना काढली. खेळाडूला त्याच्या बुडालेल्या रोजाचा मोबदला मिळावा, इतकी साधी मागणी त्या बंडाच्या मुळाशी होती.

ज्या दिवशी पैसा मैदानात आला त्या दिवशी नेमलेला सामना हा नुसता शब्द न राहता करार झाला. एक क्लब आला नाही की यजमान क्लबाचे तिकिटांचे उत्पन्न बुडते, खानावळवाल्याचा धंदा बुडतो, गुणांचा तक्ता वाकडा होतो. म्हणून तेथे नियम आहेत : न आलेल्या संघाविरुद्ध ठरावीक गुणसंख्येने विजय द्यावा, दंड करावा, गुण कापावेत. २०२५ च्या ऑगस्टात सॅलफर्ड या १८७३ साली स्थापन झालेल्या क्लबावर ही वेळ आली. पैशाच्या ओढाताणीत त्याचे खेळाडू एकेक करून गेले होते. वेकफील्डशी नेमलेला सामना तो खेळू शकला नाही आणि विजय वेकफील्डला देण्यात आला. वर्ष संपण्यापूर्वी न्यायालयाने त्या क्लबाची कंपनी गुंडाळण्याचा हुकूम दिला. खेळाडूच्या पगाराच्या प्रश्नातून जो खेळ जन्मला, त्यातला एक जुना संघ पगाराच्याच प्रश्नाने आडवा झाला.

आपल्याकडेही हे पाहावयास मिळाले आहे. इंडियन प्रीमियर लीगमध्ये २०११ साली पुणे वॉरियर्स हा संघ उतरला. तीन हंगाम खेळल्यावर बँकेची हमी भरली गेली नाही म्हणून क्रिकेट मंडळाने २०१३ साली त्याचा करार रद्द केला. कोचीच्या संघाचे तर एकाच हंगामात, २०११ मध्ये, तसेच झाले. पुण्याजवळ गहुंजे येथे नवे मोठे स्टेडियम उभे होते, प्रेक्षक होते, हौस होती. संघ मात्र नव्हता. मालक आणि मंडळ यांचा वाद कागदावर चालतो, वकील तो लढवितात. ज्या मुलाने त्या संघाचा रंगीत सदरा हट्टाने घेतला, त्याची बाजू कोणत्या न्यायालयात मांडावयाची?

तेव्हा श्रोतेहो, नियमाची मर्यादा ओळखली पाहिजे. नियम गुण देतो, दंड करतो, पुढे चाल देतो. नियमाशिवाय चालणार नाही. नाही तर जो बलवान तो हवे तेव्हा येईल आणि हवे तेव्हा जाईल. परंतु नियम सामना देऊ शकत नाही. २००६ साली ओव्हल मैदानावर चेंडू खराब केल्याच्या आरोपामुळे रागावून पाकिस्तानचा संघ वेळेवर मैदानात आला नाही. पंचांनी कसोटी इंग्लंडला बहाल केली. २००८ साली आंतरराष्ट्रीय मंडळाने तो निकाल बदलून सामना अनिर्णित ठरविला आणि २००९ साली पुन्हा फिरवून इंग्लंडला दिला. तीन वर्षे थोर थोर माणसे एका न खेळलेल्या खेळाचा निकाल शोधीत बसली. नसलेल्या गोष्टीचा निकाल लागणार कसा?

म्हणून निकालापेक्षा आम्ही तो जुनाच प्रश्न महत्त्वाचा मानतो : किंमत कोणी दिली? नकार देणारा स्वतःच्या पदरचे देत असेल, तर त्याच्या नकारापुढे आपण थांबून विचार करावा. दुसऱ्याच्या पदरचे देत असेल, तर नियम त्याच्या बाजूने असला तरी इतिहास नसतो. आणि ज्याच्याजवळ देण्यास काही उरलेलेच नाही, त्याच्याकडे दंडाची पावती घेऊन जाण्याआधी त्याची ही दशा का झाली हे पाहावे. दंडाने टेंपोचे भाडे जमत नाही.

आपल्या पाड्यांवरच्या सामन्यांना हे सारे लागू आहे. एखाद्या संघाचा टेंपो आला नाही, तर पंचाने जरूर पुढे चाल द्यावी. पण दुसऱ्या दिवशी कोणी तरी त्या पाड्यावर जाऊन विचारावे, 'काल का आला नाहीत?' कदाचित रुसवा असेल, तो काढता येईल. कदाचित अपमान झाला असेल, तर चूक आपली असेल. कदाचित भाड्याचे पैसे जमले नसतील, आणि ते सांगण्याची लाज वाटली असेल. नियमपुस्तकात या विचारपुशीचे कलम नाही. पण पुढच्या हंगामात दोन्ही संघ मैदानात उतरावयाचे असतील, तर ती करावीच लागेल.